बाई, वाटी अजून आलेली नाही

बाई,

उद्या शनिवार आहे आणि माझं अजून ठरत नाही.

हेडसरांचा निरोप परवा आला. "भोये बाईंचा शनिवारचा तास तुम्ही घेणार असाल तर सकाळच्या शाळेला या. नाही आलात तर त्या वेळात स्कॉलरशिपचा सराव सुरू करतो. समितीचंही तेच म्हणणं आहे." समिती म्हणजे अण्णा, हे तुम्हाला सांगायला नको. शाळेच्या तिन्ही बाजूंना ज्यांचे द्राक्षमळे आहेत, ज्यांची श्रावणी तुमच्या वर्गात आहे, आणि गेल्या हंगामापासून ज्यांच्या डोळ्यांत तुमचा तास खुपतो आहे, ते अण्णा. सर तसे वाईट नाहीत. त्यांना फक्त पोरं हसताना दिसली की अभ्यास बुडाल्यासारखं वाटतं.

तुमच्यावर बऱ्याच जणांनी लिहिलं. झेंडूच्या चौकटीतला तुमचा फोटो मोबाईलवर फिरतो आहे आणि त्याखाली 'उपक्रमशील शिक्षिका' असं छापलं आहे. हा शब्द कुणी उच्चारला की तुम्ही हळूच माझ्याकडे बघायचात. "उपक्रमशील म्हणजे जिला घरी काम नाही ती." मला तो फोटो पुढे पाठवता आला नाही. माझं तुमच्याशी भांडण चालू आहे, आणि चालू भांडणात समोरच्याला हार घालायचा नसतो.

तुम्हाला आठवत असेल, आपली पहिली गाठ भांडणानंच पडली. नाशिकला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. व्यासपीठामागे रंगीत चौकोनांचा मोठा फलक लावलेला, एकेका चौकोनात जगाचं एकेक दुखणं. विषय जागतिक नागरिकत्व आणि शाश्वत विकास. आमच्या संस्थेची मुलांसाठीची पुस्तिका मी लिहिली होती आणि मनातून मी फार खूश होते. आमच्या घरात बाबा युनियनचं पत्रक मोठ्यानं वाचायचे, आई त्यातली विशेषणं काढून टाकायची आणि मी घड्या घालायचे. सातपूरला कारखान्यांच्या गेटवर पाळी सुटायच्या वेळी मी ती वाटत असे. पत्रक घेणारा माणूस आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि मग कागदाकडे, हे मला वाचता येण्याआधी कळलं होतं. ती पुस्तिका मी तशीच लिहिली होती. खणखणीत. एकही वाक्य गुळगुळीत नव्हतं.

चहाच्या सुट्टीत तुम्ही ती हातात घेऊन आलात. काखोटीला छत्री, उन्हाळा असूनही.

"तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"चांगलंय. पण यात कुणाला भूक लागलेली नाही."

"भुकेवर पूर्ण प्रकरण आहे, बाई."

"प्रकरण आहे. भूक लागलेलं पोर नाही."

मी तुम्हाला सांगू लागले की भुकेची कारणं व्यवस्थेत असतात, एखाद्या पोराची गोष्ट सांगितली की लोक रडतात आणि व्यवस्था सुटते. तुम्ही शांतपणे बिस्किट चहात बुडवून खाल्लंत. मग विचारलंत, "नाव काय तुझं?"

"समता."

"आडनाव?"

"लावत नाही."

"बरं. शनिवारी माझ्या शाळेत ये, समता. दिंडोरीहून पुढं जीप मिळते. भोये बाईंच्या शाळेत म्हणालीस तर दारात सोडतो."

मी तुमची चूक दाखवायला आले होते. आज हे खरं सांगायला हरकत नाही.

तुमच्या टेबलावर एक स्टीलची वाटी होती. बस. फलक नाही, पृथ्वीचा गोल नाही, झाडं लावा पाणी वाचवाच्या घोषणा नाहीत. ती वाटी तुम्ही पोरांपुढे धरलीत आणि म्हणालात, "जग शिकायचंय ना? चला. तुमच्या घरात आत्ता कुणाची वाटी पडून आहे?"

आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नावं टाकलेली असतात, बारीक ठिपक्यांनी. शेजारी काही नवं केलं की वाटी येते, आणि ती परत जाताना रिकामी जात नाही, चिमूटभर साखर का होईना. पोरं एकदम बोलायला लागली. आमच्यात शिंदे काकूंची आहे. आमच्यात आत्याची दोन वर्षांपासून आहे, आई म्हणते दिवाळीला देऊ. एक पोरगा म्हणाला, "आमच्यात देवळाची हाय," आणि सगळे हसले. तुम्ही फळ्यावर घरं काढलीत आणि वाट्यांच्या रेघा ओढल्यात. गाव जाळ्यासारखं दिसायला लागलं. मग तुम्ही विचारत गेलात. वाटीतलं पीठ कुठनं आलं, तेल कुठनं आलं, स्टील कुठनं आलं. रेघा फळ्याच्या बाहेर भिंतीवर गेल्या. पोरं बाकांवर चढली. "मग बाई, ती पण शेजारी?" "त्यांच्या हातचं आपण खातो ना? मग शेजारीच." आणि 'शाश्वत' शब्द तुम्ही एकदाच वापरलात. "शाश्वत म्हणजे वाटी फिरत राहील एवढं भांड्यात शिल्लक ठेवायचं."

मागच्या बाकावर काजल होती. पेठच्या पुढच्या डोंगरातली, तुमच्याच बाजूची. तिचे आईबाप छाटणीपासून द्राक्षं उतरेपर्यंत अण्णांच्या मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, म्हणून तीही हंगामापुरती तुमच्या हजेरीत. तुम्ही तिला विचारलंत. ती उभी राहिली. "आमच्याकडं कुणाचीच वाटी येत नाय, बाई."

वर्ग गप्प झाला नाही. कुणीतरी तेवढ्यात खिडकीतल्या माकडाकडे बोट दाखवलं. पण तुमचा खडू तसाच राहिला, हे मी पाहिलं. आणि मला तिथंच पेटल्यासारखं झालं. शाळेच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर शेड, आणि फळ्यावरच्या जाळ्यात त्याला एकही रेघ नाही.

तास सुटल्यावर मी म्हणाले, यावर लिहिते.

"लिही की. आधी त्या शेडवर जाऊन चहा पिऊन ये."

"वाटीनं मजुरी वाढत नाही, बाई."

"नाही वाढत. पत्रकानं वाढली?"

"कधी कधी वाढली."

"मग तू कधी कधीसाठी थांब. मी शनिवारसाठी थांबते." आणि वर म्हणालात, "जीप निघेल हं, क्रांती जीपवाल्याला माहीत नाही."

ही तुमची बोलायची पद्धत. मी जीपमध्ये बसून दिंडोरीपर्यंत उत्तरं तयार करायचे आणि पुढच्या शनिवारी ती घेऊन यायचे. मी का येत राहिले, ते मला नीट सांगता येत नाही. पोरांसाठी, असं म्हणणं बरं दिसतं. खरं म्हणजे तुमच्याइतकं मला कुणी खोडून काढलं नव्हतं. बाबा आणि त्यांचे मित्र मला शाबासकी देत आले. तुम्ही कधी दिली नाहीत. पण एका शनिवारी मी पोरांना धरणाच्या पाण्याची वाटणी शिकवत होते, गावाला किती, शहराला किती, कारखान्याला किती, आणि बादल्या घेऊन पोरं खरोखर एकमेकांशी भांडायला लागली, तेव्हा तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "हे मला सुचलं नसतं." ते वाक्य मी जपून ठेवलं आहे.

आता वाटीकडे येते. माझ्या आयुष्यात इतकी गमतीची आणि इतकी गंभीर गोष्ट दुसरी झालेली नाही.

त्या तासानंतर श्रावणीनं घरून शेवयांची खीर नेली शेडवर. वाटीवर आईचं नाव, 'सौ. वैशाली'. खीर संपली आणि वाटी काजलकडे अडकली. रिकामी द्यायची नाही, आणि भरून द्यायला काजलला घरातलं काही धडाचं वाटेना. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी अण्णांच्या घरी न्यायची तिला लाज वाटली. वाटी शेडच्या फळीवर आठवडेच्या आठवडे बसून राहिली. हे सगळं आपल्याला नंतर कळलं.

मग द्राक्षं उतरायला लागली आणि तुम्ही वर्ग घेऊन अण्णांच्या पॅकहाऊसमध्ये गेलात. मी बरोबर होते. पोरांनी डोक्याला जाळीच्या टोप्या घातल्या आणि सगळ्यांत आधी एकमेकांना हसून घेतलं. सुपरवायझर चांगला होता, हौसेनं सांगत होता. हा माल हॉलंडला जातो. तिकडं आधी लॅबमध्ये तपासतात, औषधाचा अंश जास्त निघाला तर घेत नाहीत, मग तो आपण लोकलला काढतो.

काजलनं विचारलं, "तिकडची पोरं खातात म्हणून तपासता?"

"हो ना. फार कडक नियम."

"आन् लोकल म्हंजे कोण?"

तो हसला. मग टोपी सारखी करत म्हणाला, "लोकल म्हणजे आपणच."

मी तुमच्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात पत्रकाचं पहिलं वाक्य तयार होतं. तुम्ही मात्र पोरांना गोळा करून नेहमीचा प्रश्न विचारलात: ही पेटी कुणाच्या घरी चालली? मग ते आपले कोण? पोरं एका सुरात म्हणाली, शेजारी.

तिथंच झालं. दोन पोरींनी तुमचं शिकवणं अक्षरशः खरं मानलं. शेजाऱ्याकडे माल चाललाय. नाव टाकलेली वाटी शेजाऱ्याकडे गेली की परत येतेच, आणि भरून येते. मग ती भरलेली वाटी काजल वैशालीकाकूंना देऊ शकते. मालकाची पोरगी असल्यामुळे श्रावणीला ठाऊक होतं की वजन झाल्यावर पेटीकडे कुणी बघत नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघी गेल्या, वाटी द्राक्षांच्या घडांखाली सारली आणि झाकण लागेपर्यंत तिथं उभ्या राहिल्या.

काही आठवड्यांनी अण्णा मोबाईल घेऊन शाळेत आले. तिकडून फोटो आला होता. पांढऱ्या टेबलावर सौ. वैशाली, शेजारी मापाला पट्टी, आणि खाली इंग्रजीत बरंच काही. सगळा लॉट अडवला होता आणि नंतर भाव पाडून उचलला होता.

"बाई, काय शिकवता हो तुम्ही पोरांना?"

"शेजार."

"शेजार? हॉलंडचा?"

"माल जातो की तुमचा तिथं. पोरांना वाटलं, वाटीही जाईल."

"घरात बायको कधीची वाटी शोधतेय. तिच्या माहेरची. मी तिला काय सांगू, युरोपला गेलीय?"

हेडसर भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. पण अण्णा हसत नव्हते, आणि त्यांचं नुकसान खरं होतं. तुम्ही म्हणालात, "मी शिकवलं तेच पोरींनी केलं. त्यांना काही बोलायचं नाही. चूक माझ्या नावावर मांडा." पोरींना कुणी बोललं नाही. अण्णांना तास त्याच दिवशी बंद करायचा होता. सरांनी मधला मार्ग काढला: बाई निवृत्त होईपर्यंत चालू दे, नंतर बघू. ते 'नंतर' येत्या मे महिन्यात यायचं होतं. तुम्ही ते आधीच आणून ठेवलंत.

त्या दिवसापासून आपलं भांडण एकाच जागी फिरत राहिलं. मी पत्रक लिहिलं. तिकडच्या पोरांच्या पोटात काय जातं ते तपासायला प्रयोगशाळा आहे. इथं फवारणीचा ब्लोअर शेडच्या दारावरून फिरतो, पोरं त्याच ओळींत खेळतात, आणि ते तपासणारा कुणी नाही. एका शब्दालाही तुम्ही खोटं म्हणाला नाहीत. "खरं आहे," म्हणालात, "आणि वाटायचं नाही."

"का?"

"तू वाटशील आणि एसटीत बसून नाशिकला जाशील. काजल कुठं जाईल? अण्णा उद्या दुसरी टोळी आणतील."

"म्हणजे तुम्ही घाबरता."

"हो. माझ्यासाठी नाही घाबरत."

"मग शिकवता कशाला पोरांना की सगळं जग आपलं? कुंपणापलीकडचं बोलायची सोय नसेल तर हॉलंड कशाला?"

जून गेला, पावसाळा गेला, मी दर शनिवारी विचारलं आणि तुम्ही दर शनिवारी म्हणालात, बघू. दिवाळीनंतर टोळ्या परत आल्या, काजल परत आली, आणि मी पत्रकं छापूनच आणली. दिंडोरीच्या स्टँडवर आपण बाकावर बसलो होतो. तुम्ही काकडीला मीठ लावून खात होतात. गठ्ठा तुम्ही मांडीवर घेतलात, दोरीची गाठ चाचपलीत आणि परत माझ्या मांडीवर ठेवलात.

"मे महिन्यानंतर शनिवारचा तास तू घे."

मी म्हणाले, "मला वाट्या फिरवत बसायला जमणार नाही, बाई."

"तुला काय जमणार नाही ते मी विचारलं नव्हतं." तुमची पेठची गाडी लागली. चढताना तुम्ही छत्रीच्या टोकानं माझ्या गठ्ठ्याला टोचलंत, जसं दुकानातलं कलिंगड टोचतात, आणि गाडीत बसलात. तो शेवटचा शनिवार होता. दोघींपैकी कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी हेच म्हणाले असते. माझं अजूनही तेच म्हणणं आहे. माणूस गेलं म्हणून त्याचा मुद्दा बरोबर ठरत नाही, हे तुम्हीच मान्य केलं असतं.

सोमवारी शाळेत शोकसभा झाली. पोरं रांगेत बसली होती. अण्णा आले, फोटोला फूल वाहिलं, चांगलं बोलले. बाईंनी आमच्या पोरांना जग दाखवलं, म्हणाले. मला संताप आला, आणि तो चुकीच्या जागी आला हेही कळलं, कारण बोलताना त्यांचा आवाज खरोखर बसला होता. सभा संपल्यावर काजलनं माझी ओढणी धरली.

"ताई, वाटी आली का?"

"नाही गं अजून."

"बाई म्हणल्या व्हत्या येईल. लांबची हाय, म्हणल्या, टाइम लागंल."

तुम्ही तिला असं सांगितलंत? बाई, ती वाटी त्यांनी कधीच टाकून दिली असेल. तिथं पट्टी लावून मोजलेली वस्तू कुणी खीर घालून परत पाठवत नाही. तुम्हाला हे कळत होतं. मग एका पोरीच्या मनात हे जिवंत ठेवून तुम्ही गेलात आणि आता उत्तर कोण देणार? पोरांना खोटी आशा देण्यापेक्षा खरा राग द्यावा असं मला वाटतं. चार दिवस मी हेच घोकते आहे. राग आणि रडू एकाच गळ्यातून येतं, त्यामुळे कोणतं कधी येईल सांगता येत नाही.

आज दुपारी मी शेडवर गेले. चहा प्यायला. इतके महिने तुम्ही सांगत होतात आणि मी काजलला शाळेतच भेटत होते. गठ्ठा पिशवीत होता. का घेतला कुणास ठाऊक.

काजलची आई, मंदाबाई, नुकती घडांतले मणी विरळ करायच्या कामावरून आली होती. बोटांची टोकं हिरवी. तिनं कोरा चहा ठेवला आणि मला गोणपाटावर बसवलं. मी सरळ विषय काढला. पत्रक वाचून दाखवू का, म्हटलं. "दाखवा की." मी वाचलं. गेटवर बाबा वाचायचे तसं नाही, हळू. पलीकडे पत्र्याला टेकून ब्लोअर उभा होता आणि औषधाचा तो वास चहातही होता.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "खरं हाय सगळं. वाटलं का न्हाय मग?"

मी सांगितलं. बाई नको म्हणत होत्या. तुम्हाला कामावरून काढतील म्हणून.

ती चहा ओतता ओतता थांबली. "बाई म्हणल्या? आन् तुमी वाटायचं म्हणत व्हत्या?"

"हो."

"दोघी माज्यावरनं भांडत व्हत्या वर्षभर?"

"हो."

"मंग मला कुनी इचारलं?"

बाई, मी पत्रकाची घडी घालू लागले. ती रागावली नव्हती, उलट तिला गंमत वाटत होती. "आमी दर साल मळा बदलतो. ह्यो न्हाय तर दुसरा. हितं पोरीला शाळा हाय आन् बाई व्हत्या म्हणून ऱ्हायलो. बाई आमच्याकडच्याच, पन लय भ्यायच्या आमच्यासाठी." मग पत्रकाकडे हनुवटी करून म्हणाली, "येवढं लांब कशाला लिवलं? फवारा मारायच्या दिवशी पोरं शेडात ठिवू नका, साळंत ठिवा, संध्याकाळपतुर. येवढंच लिवा ना. मी सवता सांगते मालकाला. फकस्त माज्या संगं उभं ऱ्हायला कुनी पायजे."

आईनं विशेषणं काढली असती. हिनं परिच्छेद काढले.

निघताना तिनं फळीवरून एक वाटी उतरवली. मला आधी वाटलं ती हॉलंडची परत आली. पण ही लहान होती, जुनी, काठाला पोचा. त्यावर 'हिरा भोये'.

"आमी आलो आन् बाई नेहमीसारख्या चहाला आल्या, तवा दिवाळीच्या करंज्या आनल्या व्हत्या हीच्यात. द्यायची ऱ्हायली." तिनं नागलीचे पापड मोडून त्यात दाबून भरले आणि वर फडकं बांधलं. "आता कुनाला देऊ? तुमी घ्या. रिकामी देत न्हाय."

काजल दारात उभी राहून बघत होती. तिची नागली अखेर कुणाच्या तरी घरी निघाली होती. ती मला म्हणाली, "ताई, ती आता तुमच्याकडं अडकली."

एवढं सांगायचं होतं. तुम्ही शेडवर जात होतात. मला कधी बोलला नाहीत. काजल म्हणाली होती कुणाचीच वाटी येत नाही, आणि त्यानंतर तुमची येत राहिली, फळ्यावर रेघ न ओढता. याबद्दल मी तुमचे आभार मानू की याचाही राग धरू? तुम्ही तिथं जाऊन इतक्यांदा चहा प्यायलात, तरी एकदाही तिला विचारलं नाहीत की मंदा, तुझं काय म्हणणं आहे. मीही नाही विचारलं. तुम्ही तिची काळजी घेतलीत, मी तिची बाजू घेतली. दोघींनी तिला वर्गाबाहेरच ठेवलं.

उद्याचं माझं ठरलेलं दिसतं आहे, हे लिहिता लिहिताच कळलं. हेडसरांना निरोप पाठवला, येते म्हणून. सोबत एक पाहुण्या येतील, असंही कळवलं. निघताना मी विचारलं, मंदाबाई हो म्हणाल्या. अर्धा दिवस सुट्टी मिळाली तर त्या वर्गात बसतील आणि पोरं त्यांना विचारतील. सगळी म्हणजे श्रावणीही. नंतर त्या अण्णांच्या ओट्यावर जातील, तेव्हा मी शेजारी उभी राहीन. बोलायचं त्यांनी. मला गप्प उभं राहणं जमेल का ते सांगता येत नाही, पण तुम्ही म्हणाल, तुला काय जमणार नाही ते विचारलं नव्हतं. अण्णा ऐकतील की तास उद्याच बंद होईल, मला माहीत नाही. छापलेला गठ्ठा मी फेकलेला नाही. नाहीच ऐकलं तर मंदाबाईंना विचारून तोही काढीन. आपलं भांडण मिटलं असं समजू नका.

काजलला मात्र मी खरं सांगणार आहे. ती वाटी येणार नाही. काही शेजारी अजून शेजारी झालेले नाहीत.

पापड मी खाल्ले. सगळे, उभ्या उभ्या, कच्चेच. तुमची वाटी धुतली, पुसली आणि टेबलावर ठेवली. उद्या ती मंदाबाईंना परत द्यायची आहे आणि घरभर फिरून मी बघते आहे, हिच्यात घालायला आपल्याकडे काय आहे. कागद आहेत, दोरी आहे, शाई आहे. मगाशी खाली दुकानात जाऊन रवा आणला. करंज्या मला येत नाहीत. शिरा येतो, तोही आईला विचारून. ती फोनवर म्हणाली, साखर बेतानं, आणि कुणासाठी करतेस?

रवा भाजायला घेते. मंद आचेवर ठेवायचा असतो म्हणे, आणि हलवत राहायचं.